डेन बॉसचा तट कुणी वाचवला?

कृष्णाकाठचा

आइंडहोवनला येऊन मला सात वर्षं झाली. डेन बॉस इथून आगगाडीने वीस मिनिटांवर. इतकं जवळ की मुद्दाम बघायला म्हणून कधी गेलोच नव्हतो. गेल्या महिन्यात आईबाबा सांगलीहून आले. ॲमस्टरडॅम झालं, पवनचक्क्या झाल्या, ट्युलिपचा हंगाम संपलेला. मग आई म्हणाली, "जवळपास एखादं जुनं गाव असेल तर दाखव, मॉल नको." म्हणून डेन बॉस.

आधी नाव. कागदोपत्री हे गाव 'सेर्तोखनबॉस', म्हणजे 'ड्यूकचं रान'. ब्राबांतचा ड्यूक पहिला हेंड्रिक याने ते वसवलं आणि ११८५ मध्ये त्याला शहराची सनद दिली, असं गाव मानतं. फ्रेंच लोक 'ब्वा-ल-द्यूक' म्हणतात, अर्थ तोच. बोलताना सगळे 'डेन बॉस'. 'Bosch' हे स्पेलिंग बघून शेवटी श उच्चारलात की तुम्ही बाहेरचे.

जागा हेंड्रिकने विचारपूर्वक निवडली होती. चहूबाजूंनी दलदल आणि मध्ये वाळूचा उंचवटा. दक्षिणेकडून दोन नद्या येतात, डोमेल आणि आ. (हो, नदीचं नाव खरंच 'आ' आहे. बाबांनी तीनदा विचारलं.) गावात दोघींचा संगम होतो, पुढे तिला डिझे म्हणतात आणि ती उत्तरेला मास नदीला मिळते. म्हणजे व्यापाराला जलमार्ग, बचावाला चिखल.

स्टेशनातून बाहेर पडलात की चौकात खांबावर सोन्याच्या मुलाम्याचा ड्रॅगन दिसतो. १९०३ चं कारंजं. या किल्ल्याचं जुनं टोपणनाव 'दलदलीतला ड्रॅगन', कारण तो कुणाच्या हाती लागत नसे. आईने फोटो काढले. बाबा चौकातून नदी कुठे आहे ते शोधत होते.

बाबांबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात. कुठल्याही गावात गेले की देवळाआधी नदी बघतात. गडकिल्ल्यांचं त्यांना विशेष नाही. तर आम्ही दक्षिणेच्या तटावर चढलो. एका बाजूला विटांची घरं, गॉथिक चर्चचा कळस. दुसऱ्या बाजूला तटाच्या पायथ्याशी पाणी आणि पलीकडे एकदम मोकळं कुरण. एकही इमारत नाही. त्या कुरणाला 'बॉस ब्रूक' म्हणतात. दीड लाखाच्या शहराच्या बाजारपेठेतून दहा मिनिटं चाललात की गायी चरताना दिसतात.

मी आपलं वाचून आलेलं सांगायला लागलो, की हा तट मध्ययुगातला, मग सोळाव्या-सतराव्या शतकात बुरूज वाढवले वगैरे. बाबा ऐकत नव्हते. कठड्यावरून वाकून विटांवरचा पाण्याचा डाग बघत होते. मग म्हणाले, "ही भिंत शत्रूसाठी राखलेली नाही रे. हा बंधारा आहे."

मी म्हटलं, असं कसं, किल्ल्याची तटबंदी आहे ही.

"असेल. पण आता बंधारा आहे. नाहीतर पाडली असती."

घरी येऊन वाचलं. बाबा बरोबर होते. १८७४ मध्ये डच सरकारने कायदा केला आणि बहुतेक जुन्या किल्लेबंद शहरांची संरक्षण-यादीतून सुटका झाली. शहरं तर वाटच बघत होती. तट पाडले, खंदक बुजवले, तिथे बागा आणि रुंद रस्ते केले. डेन बॉसनेही आपल्या वेशी पाडल्या. पण दक्षिणेचा तट पाडता येईना. पावसाळी हिवाळ्यात बॉस ब्रूक भरतं, आणि तट नसेल तर ते पाणी थेट गल्ल्यांत येतं. शिवाय मास नदीचा जादा पूर पूर्वेकडून याच भागात सोडून द्यायची जुनी व्यवस्था १९४२ पर्यंत चालू होती. त्या काळात हिवाळ्यात गाव अक्षरशः बेट व्हायचं. तोफांपुढे निरुपयोगी ठरलेली भिंत पुराला मात्र हवी होती, म्हणून राहिली.

१९९५ च्या पुरात इथला ए-२ महामार्ग पाण्याखाली गेला होता. शेजारच्या आजोबांना विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं, जसं आपल्याकडे कुणालाही विचारा की २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती होतं.

गावात आणखी खूप आहे, पण धागा लांबेल. कुणी गेलं असेल तर लिहा. १६२९ च्या वेढ्याबद्दल वेगळं लिहीन म्हणतो.

सह्यभटक

वाह! वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). वेढ्याचं नक्की लिहा.

एक शंका. तुम्ही मध्ययुगीन किल्ला म्हणता, पण नकाशात बघितलं तर बुरूज बाणाच्या टोकासारखे दिसतात. आपल्याकडे गोल बुरूज म्हणजे जुनं काम आणि असं कोनदार काम म्हणजे युरोपियन, तोफांनंतरचं. मग मध्ययुगाचं यात उरलंय काय?

कृष्णाकाठचा

@सह्यभटक, रास्त शंका. तिथे थरावर थर आहेत. पहिला तट तेराव्या शतकातला, फक्त बाजारचौकाभोवती. आजही चौक त्रिकोणी आहे आणि गावाचा मूळ आकार त्यावरून कळतो. गाव वाढलं तसा चौदाव्या शतकात दुसरा, मोठा तट घातला. आज दक्षिणेला उभा आहे त्याची रेघ मुख्यतः या दुसऱ्या तटाची. तोफा आल्यावर उंच पातळ भिंत म्हणजे नेमबाजीला सोपं लक्ष्य, म्हणून तिच्या मागे मातीचा भराव घातला आणि पुढे कोनदार बुरूज काढले. गोल बुरुजाच्या पुढ्यात एक कोपरा असा राहतो जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचत नाही. टोकदार बुरुजाला तो आंधळा कोपरा नसतो.

चौकातच 'द मोरियान' नावाचं विटांचं घर आहे, तेराव्या शतकातलं, देशातल्या सर्वांत जुन्या विटांच्या घरांपैकी. विसाव्या शतकात तेही पाडायला निघाले होते.

'ओरान्ये' नावाच्या बुरुजाच्या पोटात छोटं संग्रहालय आहे. तिथे एक प्रचंड लोखंडी तोफ ठेवलीय, नाव 'बोझे ख्रीत', म्हणजे 'खवळलेली ग्रेटा'. आपल्या मुलूखमैदान, कलालबांगडीच्या घराण्यातली म्हणा.

सह्यभटक

तोफांना बायकांची नावं द्यायची हौस तिकडेही होती म्हणायची.

लालफीत_पीडित

या गावाशी माझं जुनं वैर आहे, हे मला स्पॅनिश शिकताना कळलं.

हे गाव बराच काळ स्पॅनिश राजाच्या ताब्यात होतं आणि स्पॅनिश लोक त्याला 'बोल्दुके' म्हणत. इथे सुती-तागाच्या अरुंद फिती विणल्या जात. स्पेनच्या दरबारातली कागदपत्रं या तांबड्या फितीने बांधत. त्यावरून फितीचंच नाव पडलं 'बाल्दुके'. आजही स्पॅनिश शब्दकोशात तो शब्द आहे. म्हणजे ज्या लालफितीत माझी पेन्शनची फाइल दोन वर्षं अडकली, तिचं माहेर हे!

आणि सुऱ्या. डेन बॉसच्या सुऱ्या इतक्या नावाजलेल्या होत्या की मेक्सिको, कोलंबिया, चिली इकडे मोठ्या टोकदार सुरीला 'बेल्दुके' म्हणतात. एका गावाने एका भाषेला फीतही दिली आणि ती कापायला सुरीही.

मिरजेची_माई

लालफीत, 😂😂 पेन्शन मिळाली का शेवटी?

लालफीत_पीडित

मिळाली हो माई. थकबाकीसाठी नवी फाइल उघडलीय.

कृष्णाकाठचा

आता वेढा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

नेदरलँड्सचा स्पेनविरुद्धचा लढा ऐंशी वर्षं चालला, १५६८ ते १६४८. डेन बॉस १५७९ पासून पक्कं स्पेनच्या बाजूला. कॅथलिक शहर, स्वतःचा बिशप. डच प्रजासत्ताकाचा सेनापती मॉरिस याने १६०१ आणि १६०३ असे दोनदा वेढे घातले, दोन्ही वेळा हात हलवत परत गेला. आजूबाजूला दलदल असताना खंदक खणायचे कुठे आणि तोफा उभ्या करायच्या कशावर? त्या खोल चिखलात रुततात. 'दलदलीतला ड्रॅगन' हे नाव असं पडलं.

मॉरिसचा धाकटा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेंड्रिक याने १६२९ मध्ये तिसरा प्रयत्न केला. आदल्या वर्षी डच नौसेनापती पीत हाइनने क्यूबाजवळ स्पेनच्या चांदी वाहणाऱ्या जहाजांचा तांडा पकडला होता, सुमारे १ कोटी १५ लाख गिल्डरची लूट. त्यामुळे हात मोकळा होता. सुमारे २४,००० पायदळ आणि ४,००० घोडदळ घेऊन एप्रिलच्या शेवटी तो येऊन बसला. आत ग्रोबेनडोंकचा बॅरन आंतोनी स्खेट्स हा किल्लेदार, तीनेक हजारांची शिबंदी आणि शस्त्रं घेतलेले गावकरी.

पुढचं बाबांच्या भाषेत सांगतो, कारण मी वाचून दाखवत होतो आणि ते जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, वाट्या मांडून मला समजावत होते.

"पहिल्यांदा त्यांनी काय केलं? गावाभोवती बांध घातला. चाळीस किलोमीटरच्या वर म्हणतोस ना? म्हणजे वेढा झालाच, पण तो बांध आहे हे लक्षात घे. मग दोन्ही नद्या गावात शिरण्याआधीच अडवल्या आणि बांधाच्या बाहेरून वळवल्या. म्हणजे आवक बंद. आता आत साचलेलं पाणी राहिलं. ते उपसलं." उपसायला घोड्यांनी चालणाऱ्या चक्क्या लावल्या होत्या, असं मी सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. "बरोबर. वाऱ्याच्या भरवशावर कोण बसणार? वेढ्यात वेळ मोजून असतो."

या कामावर यान आड्रियान्सझोन लेखवाटर नावाचा गिरणी-कारागीर होता. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला बेमस्टर नावाचं सरोवर उपसून १६१२ मध्ये शेतजमीन केली, त्यातला हा माणूस. 'लेखवाटर' म्हणजे शब्दशः 'रिकामं पाणी'. आडनाव त्याने स्वतःच घेतलेलं.

थोडक्यात, त्यांनी शहरासकट दलदलीचं शेत करून टाकलं. जमीन वाळली तसे खंदक नागमोडी वळणांनी तटाकडे सरकू लागले. जुलैत बाहेरच्या दोन गढ्या पडल्या, इसाबेला आणि सेंट आंतोनी.

स्पेनने सोडवायला फौज पाठवली. तिचा सेनापती हेंड्रिक व्हान डेन बेर्ख. हा फ्रेडरिक हेंड्रिकचा सख्खा आतेभाऊ! एवढा बांध बघून त्याला वेढा फोडता येईना. मग त्याने उत्तरेला घुसून आमर्सफोर्ट घेतलं, की घाबरून हे वेढा उठवतील. फ्रेडरिक हेंड्रिक जागचा हलला नाही. तेवढ्यात १९ ऑगस्टला दुसऱ्या एका डच तुकडीने राइनकाठचं वेझल अचानक हल्ला करून घेतलं. तिथे स्पॅनिश फौजेचा दारूगोळा आणि रसद होती. आतेभावाला परतावं लागलं. (तीन वर्षांनी, १६३२ मध्ये, तो डचांनाच येऊन मिळाला. आपल्याला काही नवीन नाही.)

सप्टेंबरात फ्युख्टच्या वेशीजवळचा बुरूज सुरुंगाने उडवला, खिंडार पडलं आणि १४ सप्टेंबरला करार झाला. १७ तारखेला शिबंदी शस्त्रं, निशाणं, सामान घेऊन वाजतगाजत बाहेर पडली. बिशप आणि पाद्री, मठवासी यांना गाव सोडावं लागलं. जोगिणींना मरेपर्यंत राहू दिलं.

बाबांचा निष्कर्ष : "म्हणजे साडेचार महिन्यांत लढाई शेवटचे आठ दिवस. बाकी सगळं खात्याचं काम." हे खरं नाही. खंदकांत, गढ्यांवर सतत माणसं मरत होती. पण त्यांना ते सांगून उपयोग नव्हता.

नुसताच_वाचक

+१ बाबांना. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

पाचूबंदर

वसईकर असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. चिमाजीआप्पांच्या वेढ्याची आठवण झाली. तिथेही तीन बाजूंनी समुद्र, खाडी, दलदल. एकच बाजू खुष्कीची. तोफांपेक्षा काम केलं ते सुरुंगांनी. सान सेबास्तियांव बुरूज उडाला, मे १७३९ मध्ये करार झाला आणि पोर्तुगीज शस्त्रं-सामानासह गलबतांतून गेले. वेढ्याचं व्याकरण सगळीकडे सारखंच दिसतं, खिंडार पडेपर्यंत लढायचं आणि पडलं की मानाने निघायचं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही डच जिंकले म्हणून सांगता. गावातल्या लोकांचं काय? त्यांना सुटका झाली असं वाटलं का? शाळेत आम्हाला १७३९ ची एकच बाजू शिकवली. पाचूबंदरात वाढल्यामुळे दुसरीही कानावर यायची, म्हणून विचारतोय.

कृष्णाकाठचा

@पाचूबंदर, याचंच उत्तर द्यायला मी अर्धा दिवस घालवला.

नाही, गावाला ती सुटका नव्हती. उघड कॅथलिक पूजाअर्चा बंद झाली. सिंट-यान हे गावचं मोठं चर्च प्रोटेस्टंटांकडे गेलं. ब्राबांतचा हा भाग प्रजासत्ताकाचा बरोबरीचा प्रांत न होता केंद्राच्या थेट अंमलाखाली राहिला, कर द्यायचे पण संसदेत मत नाही. ही स्थिती अठराव्या शतकाच्या शेवटपर्यंत होती.

गाव घेतल्यानंतर नव्या सत्तेने १६३७ पासून उत्तरेला पाच बुरुजांची गढी बांधली. बाहेरच्या शत्रूला रोखायला, पण तिच्या तोफा गावाच्या दिशेनेही वळत. लोकांनी तिला नाव ठेवलं 'पापेनब्रिल', म्हणजे 'पोपवाल्यांचा चष्मा'. तुमच्यावर डोळा ठेवायला. आज त्याच गढीत ब्राबांतचं दफ्तरखाना-संग्रहालय आहे. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांचे जन्ममृत्यूचे कागद आता तिथे सांभाळलेत.

चर्चमधल्या माउलीच्या लाकडी मूर्तीची गोष्ट तर आईला फार लागली. चौदाव्या शतकातली मूर्ती, इकडे तिला 'गोड आई' म्हणतात. १६२९ ला ती गावाबाहेर काढली, ब्रसेल्सला पोहोचली आणि परत यायला १८५३ उजाडलं. सव्वादोनशे वर्षं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या पंढरीच्या विठोबाला लपवून ठेवत तसंच की." चर्चची इमारत स्वतः आधीच परत मिळाली होती. १८१० मध्ये नेपोलियन आला आणि त्याने ती कॅथलिकांना देऊन टाकली.

पाचूबंदर

धन्यवाद. 'पोपवाल्यांचा चष्मा' जबरदस्त आहे. आमच्याकडून चर्चच्या घंटा गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा बघा. त्या काही परत येणार नाहीत, आणि आता नाशिककरांच्याच झाल्यात.

त्रयस्थ

परत एकदा धर्मावर गाडी. प्रवासवर्णन चाललं होतं ते बरं होतं.

मिरजेची_माई

@त्रयस्थ, धर्म वगळून युरोपातला वेढा कसा सांगणार बाबा? चांगलं चाललंय. चालू द्या.

कृष्णाकाठचा

आणि माई, त्यावर उतारा पण त्याच गावात आहे. १३१८ मध्ये स्थापन झालेलं एक मंडळ तिथे अजून चालू आहे, 'आमच्या माउलीचं बंधुमंडळ' म्हणू. १६४२ मध्ये नव्या राजवटीतल्या प्रोटेस्टंट अधिकाऱ्यांनी त्यात सभासदत्व मागितलं आणि मंडळाने दिलं. दोन्हीकडच्या कर्मठांनी आरडाओरडा केला. आज त्यात निम्मे कॅथलिक, निम्मे प्रोटेस्टंट असतात. पूर्वी मेजवानीत हंस खायचे म्हणून त्यांना 'हंसबंधू' म्हणतात.

रंगपेटी

चौदा प्रतिसाद झाले आणि चित्रकाराचं नाव कुणी घेत नाही! येरोनिमस बॉस. गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं त्याने, मूळ घराणं व्हान आकेन. साधारण १४५० चा जन्म, १५१६ मध्ये मृत्यू. चौकातच राहायचा आणि वरच्या हंसबंधूंच्या मंडळाचा सभासद होता.

त्याच्या चित्रांतला नरक बघा. मागे काळोखात गाव पेटलेलं असतं, घरांच्या कडा आगीत उठून दिसतात. १४६३ मध्ये डेन बॉसला मोठी आग लागली होती. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा असणार. मला ते गाव पेटलेलं बघितलेल्या माणसाचं चित्र वाटतं. पुरावा नाही, माझं मत.

गंमत म्हणजे गावात त्याचं एकही मूळ चित्र नाही. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला त्याचं वेड. त्यामुळे 'ऐहिक सुखांचा बाग' माद्रिदच्या प्रादोत. २०१६ मध्ये पाचशेव्या पुण्यतिथीला डेन बॉसच्या संग्रहालयाने जगभरातून चित्रं उसनी आणून प्रदर्शन भरवलं. ज्या गावाचा माणूस, त्या गावाला त्याची चित्रं पाहुणी म्हणून बोलवावी लागली. मी तेव्हा पॅरिसमध्ये होते, तिकिटं संपली होती. अजून हळहळते.

कृष्णाकाठचा

@रंगपेटी, माफी. चर्चच्या छपराच्या कमानींवर बसलेल्या छोट्या पुतळ्यांचं तुम्हाला नक्की आवडेल. शहाण्णव आहेत, घोड्यावर बसल्यासारख्या ओळीने वर चढताहेत. माणसं, जनावरं, राक्षस. बॉसच्या चित्रांतून उतरल्यासारखे वाटतात. २०११ मध्ये दुरुस्तीच्या वेळी एक नवी देवदूत बसवली, जीन्स घातलेली आणि कानाला मोबाइल. आईला ती दुर्बिणीतून सापडली. म्हणाली, "देवाला फोन लागतोय म्हणजे रेंज चांगली आहे."

पोल्डरवासी

पाटबंधारेवाल्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना नारदेनला घेऊन या. मी त्या बाजूला राहतो.

नारदेन म्हणजे सहा टोकांचा चांदणीसारखा किल्ला, दुहेरी पाण्याचा खंदक, आणि तो जवळजवळ पुरा आहे. गाव चौदाव्या शतकातलं. १ डिसेंबर १५७२ ला स्पॅनिश सैन्याने शरण आलेल्या गावातल्या जवळपास सगळ्यांना मारलं. आजचे बुरूज त्यानंतरचे, १६७३ मध्ये फ्रेंचांकडून गाव परत घेतल्यावर बांधलेले. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसची समाधी तिथेच आहे.

पण बाबांसाठी खरी गोष्ट १६७२ ची. फ्रेंच फौज चालून आली तेव्हा डचांनी स्वतःच आपले बांध फोडले आणि हॉलंडच्या पूर्वेला पाण्याचा पट्टा उभा केला. युक्ती खोलीत आहे. पाणी गुडघा-मांडीएवढंच ठेवायचं. नाव चालवायला उथळ, आणि चालत जाल तर खाली नाले-खड्डे कुठे आहेत ते दिसत नाही. सैन्य थबकलं. नंतर शतकानुशतकं ही व्यवस्था सुधारत नेली. २०२१ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे.

डेन बॉसला पाणी उपसून किल्ला घेतला, इथे पाणी सोडून देश राखला. दोन्ही कामं एकाच लोकांची, त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने.

सह्यभटक

यात आपल्या वेंगुर्ल्याचीही तार जुळते. तिथली डच वखार १६३७ ची, म्हणजे पापेनब्रिलचं काम सुरू झालं त्याच साली. आपल्या जुन्या कागदांत हे लोक 'वलंदेज'. मी तीनेक वर्षांपूर्वी गेलो होतो, वखारीच्या भिंतींतून झाडं आली होती. तिला पुराचं पाणी अडवायचं काम नव्हतं, म्हणून राहिली तशी पडीक.

खवय्या_खापरपणजोबा

इतकं वाचलं, आता खायचं सांगा. शाकाहारी काय मिळतं?

कृष्णाकाठचा

'बॉस बोल'. टेनिसच्या चेंडूपेक्षा मोठा, आत साय घोटून भरलेली, वरून सगळा चॉकलेटमध्ये बुडवलेला. अंडं आहे, त्यामुळे तुमच्या व्याख्येवर अवलंबून. काट्याचमच्याने खायला गेलात तर उडून शेजारच्या टेबलावर. आईने हाताने खाल्ला आणि तेच बरोबर आहे असं दुकानातली बाई म्हणाली.

आलेगेलेपाहुणे

पुढच्या आठवड्यात जातोय सहकुटुंब, सासूबाईंसह. त्या बोटीचं काय? घरांखालून जाते म्हणे.

कृष्णाकाठचा

@आलेगेलेपाहुणे, बोट चुकवू नका. बिनेनडिझे, म्हणजे गावाच्या आतली डिझे. जागा कमी पडली तसं लोकांनी नदीवरच कमानी टाकून घरं बांधली, त्यामुळे नदी तळघरांच्या खालून वाहते. गावाची मोरी म्हणून शतकानुशतकं वापरली. विसाव्या शतकाच्या मध्याला इतका वास यायचा की ती बुजवून टाकायचं ठरत होतं. काही भाग बुजवलाही. १९७० च्या दशकात मत फिरलं आणि वीस-पंचवीस वर्षं खपून दुरुस्त केली. आता गावातले हौशी स्वयंसेवक उघड्या होडीतून फिरवतात. नावाडी बोलतो डचमध्ये, इंग्रजी फेरी आधी विचारून घ्या. कमानींखाली मान खाली घालावी लागते, सासूबाईंना पुढच्या बाकावर बसवू नका. हिवाळ्यात बंद असते.

गाडीने जात असाल तर तटाजवळच खंदकाच्या पाण्याखाली वाहनतळ आहे. बाबांनी तिथे छताला हात लावून गळती तपासली होती.

आलेगेलेपाहुणे

गळत होतं का?

कृष्णाकाठचा

नाही. बाबा जरा नाराजच झाले.

मिरजेची_माई

बाबा परत गेले का सांगलीला?

कृष्णाकाठचा

गेले, परवाच पोहोचले. काल सकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या पट्टीचा फोटो टाकला. खाली लिहिलंय : "तुमच्या डोमेलची किती आहे? रोज कळव."